एकतीस वर्षांचं दही

यंदाच्या अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, केळझरला माझ्या मावशीवर अन्याय झाला. अन्याय करणारे माझे मावसाजी. छापील तारखेवर त्यांच्याइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगते.

मावसाजी एसटीत कंट्रोलर होते. जन्मभर घड्याळाकडे बघून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा ते बिस्किटं सोडू लागले. रोज सकाळी चष्मा लावून स्वयंपाकघरात फेरी मारायची, आणि पुड्यावरची तारीख काल संपली असेल तर पुडा आज गाईपुढे. "वेळ झाली का गाडी सोडाची. एक पाशिंजर येऊन राह्यला म्हणून थांबाचं नाई," असं ते मावशीला ऐकवतात, तेव्हा चहात बुडवायला घेतलेलं बिस्किट मावशीच्या हातात असतं. रव्याचा न फोडलेला पुडा, शेवया, मसाल्याची डबी, सगळ्यांना एकच न्याय. मावशीच्या घरच्या पापडांवर तारीख नव्हती, तर त्यांनी पेनानं डब्यावर घातली, आणि सहा महिन्यांनी स्वतःच घातलेल्या तारखेचा मान राखून डबा रिकामा केला. बरं, तारीख शिल्लक असली की भरवसाही तेवढाच. गेल्या मे महिन्यात दुधाची पिशवी दिवसभर खिडकीतल्या उन्हात राहिली, फुगली, वास मारू लागली. मावशी म्हणाली, "नका पिऊ जी." मावसाजींनी पिशवी चष्म्याजवळ धरली. "उद्याची तारीख हाय, याले काय होते?" आणि प्यायले. पुढचे दोन दिवस त्यांच्या फेऱ्या कोणत्याच वेळापत्रकात बसल्या नाहीत.

अक्षय तृतीयेला मी त्यांच्याकडे जेवायला होते. पंगतीत कुणीतरी कढीचं कौतुक केलं आणि मावशी खुलली. "विरजण माह्या आईचं हाय. लग्नात कारंज्याहून डब्यात घालून आणलं. एकतीस वर्सं झाली, एक दिवस मोडू नाई देलं." मावसाजींची वाटी ओठांपाशीच थांबली. एकतीस वर्षं त्यांनी ते दही खाल्लं होतं, त्याचं वय मात्र कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी गणपतीच्या दर्शनाला गेली, तेवढ्यात त्यांनी विरजणासकट सगळं दही मोरीत ओतलं आणि भांडं गरम पाण्यानं धुऊन पालथं घातलं.

मावशीनं परत आल्यावर ते पालथं भांडं बघितलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, जाऊन नऊ वर्षं झाली, कारंज्याचं घर विकलं गेलं. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं, रोज चमचाभर पुढच्या दिवसात जाणारं. ती जाऊन नुसती पाटावर बसली. मी खवळले. अन्नाची नासाडी, आयाबायांचे कष्ट, पुरुषांची मनमानी, असं भाषण मी उभ्या उभ्या ठोकलं. मावसाजींनी ते पूर्ण ऐकलं, फ्रीजवर चिकटवलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"हे तूच लिवलं ना व?"

दोन वर्षांपूर्वी, जुना माल खपवणाऱ्या दुकानदारांविरुद्धच्या मोहिमेत, मीच लिहिलेलं पत्रक. मोठ्या अक्षरांत: 'तारीख उलटली? फेकून द्या.'

मग मी खाली बसले आणि जे आधीच लिहायला हवं होतं ते सांगितलं. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव आणि कुरकुरीतपणा अव्वल. त्यानंतरही पुडा बंद आणि नीट ठेवलेला असेल तर बघा, हुंगा, चाखा, आणि चांगला असेल तर खा. 'युज बाय' किंवा 'एक्सपायरी' म्हणजे त्यानंतर खायचं नाही, तिथे वाद नाही. आणि कुठलीही तारीख सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या, न फोडलेल्या पाकिटाची असते, उन्हात फुगलेल्या पिशवीची नाही. विरजण तर रोज नव्या दुधात नवं होतं. ते एकतीस वर्षांचं नव्हतं मावसाजी, कालचं होतं.

"मंग हे कागदावर काऊन नाई लिवलं?"

"जागा नव्हती."

"दोन वळींले जागा नव्हती?"

मावसाजींनी चप्पल घातली आणि स्टीलचा डबा घेऊन भर उन्हात निघाले, मी मागोमाग. मावशीनं आजवर अर्ध्या गल्लीला विरजण दिलं होतं. पहिल्या घरी आता पाकिटाचं दही येत होतं, दुसऱ्या घरी म्हैस विकली होती. समोरच्या काकूंनी दारातच गाठलं. "काय जी भाऊजी, आमच्या दह्यावर तारीख नाई, चालन का?" मावसाजी मान खाली घालून म्हणाले, "चालन." मनासारखं हसून झाल्यावर काकूंनी सांगितलं, की मावशीकडून नेलेलं विरजण त्यांचंही मोडलं, पण लेकीनं ते लग्नात नेलेलं आहे. लेक जाम गावाला हायवेवर मठ्ठा विकते, तिच्याकडे एक दिवस खंड नाही.

मावसाजी दोन गाड्या बदलून जामला गेले. दिवेलागणीला डबा मांडीवर धरून परतले. मावशीनं बोटाचं टोक बुडवून चाखलं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आईचंच हाय," आणि दूध तापवायला ठेवलं. इतकं हलकं मला कुठली मोहीम जिंकूनही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कढी झाली. मावसाजी दोन वाट्या प्यायले, तिसरी मागितली, आणि वाटीकडे बघत हळूच म्हणाले, "इतके वर्सं खाल्लं. सासूबाईले एकडाव सांगाले पायजे होतं, चांगलं हाय म्हणून."

तर वाचणाऱ्यांनो, फ्रीज उघडा. तारखेच्या आधी कोणते शब्द छापलेत ते वाचा, मग फेकायला हात उचला. आणि घरच्या विरजणातलं चमचाभर शेजारच्या घरात नेऊन द्या. उद्या नाही, आजच.