दोन तोफांची बुटकी गाडी

गोतेंबा स्टेशनच्या मागे माझं दुकान आहे. प्लास्टिकच्या मॉडेलांचे संच विकते मी. दर रविवारी आमच्या क्लबातली म्हातारी पोरं मागच्या खोलीत येऊन कानशी घासत बसतात. त्यांतला कात्सुमाता सगळ्यांत सज्जन. इतका सज्जन, की कधीकधी धरून गदागदा हलवावासा वाटतो.

तरुणपणी तो सैन्यात होता. फुजी पर्वताच्या पायथ्याशी सरावाच्या माळावर एक विचित्र गाडी चालवायचा. माणसाच्या छातीएवढी बुटकी, आणि वर शेजारी शेजारी दोन लांब तोफा. गोळा पुढे जायचा तसा आगीचा लोळ मागे यायचा. म्हणून गोळा भरणाऱ्याने आधी बाजूला व्हायचं आणि मगच तोफ डागणाऱ्याच्या हेल्मेटवर थाप मारायची. थाप नाही तर बार नाही, हा नियम.

एकदा थापेआधीच बार झाला. गोळा भरणारा ओसाडा भाजून मेला. तोफेवर सेरिझावा होता. चौकशीत त्याने ठोकून सांगितलं, "थाप मिळाली होती." गाडीत पुढे, चालकाच्या जागी बसलेल्या कात्सुमाताला मागचं काही दिसलंच नव्हतं. मित्राच्या शब्दावर त्याने तशा जबानीवर सही केली, आणि बाजूला न होताच थाप दिली असा दोष ओसाडावर आला. महिन्याभराने हाच सेरिझावा त्याच्या दारात येऊन ढसाढसा रडला, "थाप नव्हती रे. त्याचे दोन्ही हात अजून मागच्या झाकणावरच होते. मीच घाई केली." आणि हा आमचा सज्जन चाळीस वर्षं गप्प बसला!

यंदा ओसाडाची धाकटी बहीण चिएको दुकानात आली. भाऊ हलगर्जीपणाने मेला, हेच ऐकत तिची उमर गेली. "दादा नेमका कुठे उभा होता, तेवढं कुणी दाखवेल का?" असं तिने विचारलं. मागच्या खोलीत कात्सुमाताने ते ऐकलं. त्या संध्याकाळीच तो सेरिझावाकडे गेला. "मी गाडी बनवतो. क्लबाच्या प्रदर्शनात तू तिला खरं सांग."

"सांगतो की. आता काय मेल्यावर सांगू?" सेरिझावा म्हणाला.

कात्सुमाता तीन महिने राबला. मेणबत्तीवर प्लास्टिक ताणून केसाएवढ्या तारा केल्या, चिखल चार वेळा पुसून पुन्हा लावला. ओसाडाच्या पुतळीचे हात तर खांद्यापासून कापून कितीदा बसवले. "दोन्ही हात तोफेच्या मागच्या झाकणावरच हवेत, ताई," मला म्हणायचा. "म्हणजे थाप मारायला हात मोकळाच नव्हता, हे तिला दिसेल."

प्रदर्शनाच्या दिवशी चिएको आली. सेरिझावा आता क्लबाचा अध्यक्ष, छातीवर फीत लावून उभा. भोवती वीसेक माणसं.

"बोल," कात्सुमाता म्हणाला.

सेरिझावाने चष्मा लावला, वाकून पाहिलं. "काम झकास. फक्त हात चुकलेत. ओसाडाने थाप दिली होती."

"सेरिझावा! माझ्या दारात येऊन रडला होतास तू!"

"कधी? कुणी पाहिलं? अरे, वय झालं तुझं. तुझं तोंड पुढे होतं, तुला काय दिसणार?" मग हळूच म्हणाला, "आणि कागदावर सही कुणाची आहे?"

मेला, नालायक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत?" मी ओरडले, तर लोक मलाच म्हणाले, "जाऊ द्या ताई, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

चिएकोने कात्सुमाताकडे पाहिलं. "तुमची सही आहे?"

त्याने मान हलवली. होय म्हणून.

चिएको बराच वेळ त्या पुतळीकडे बघत राहिली. मग पिशवीतून मिठाईचा डबा काढून ती सेरिझावासमोर गेली आणि कमरेत वाकली.

"माझ्या दादाच्या चुकीमुळे इतकी वर्षं तुम्हाला मनस्ताप झाला. माफ करा."

आणि सेरिझावाने तो डबा दोन्ही हातांनी घेतला.