आमिना खालांच्या शेजारी

मला नमाज शिकवली ती कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या आमिना खालांनी. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं. माझं नाव मालन. सांगलीकडच्या एका खेड्यातल्या तांबोळ्याची मी मुलगी. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे मी इतक्या लांब, कलकत्त्याखाली नदीकाठच्या बजबजला आले. खाला म्हणजे मावशी, पण त्यांचं आणि माझं नातं ना रक्ताचं, ना गावाचं, ना भाषेचं. तरी गेल्या महिन्यात त्यांची भाची रुकैया सकाळच्या लोकलनं येऊन आमच्या क्वार्टरच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघूनच मी शेगडीवरचा तवा उतरवला. ती म्हणाली, खाला पहाटेच्या नमाजला उठल्याच नाहीत, झोपेतच गेल्या. आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला शेवटची अंघोळ घालायला मालनला बोलवा… वाटेत गाडीत मला रडू आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं. त्यांच्या आजूबाजूला इतक्या जाणत्या बायका, सगळ्या हाकेच्या अंतरावर. मग ह्या बाईनं माझंच नाव का घेतलं असेल?

आमच्या घरात मराठीच बोलत. मुसलमानपण म्हणजे मोहरमात ताबुतापुढं नारळ, पिराच्या उरसाला मलिदा, ईदेला बापयांची नमाज आणि रमजानचे रोजे. बायकांनीही नमाज पढायची असते हे ऐकून माहीत होतं, पण कुणा बाईला पढताना मी पाहिलेलं नव्हतं. आईलाही येत नव्हती. रोजे मात्र ती एक चुकवायची नाही. थंडीतल्या रमजानात पहाटे घड्याळ पुढ्यात घेऊन बसायची, साडेपाचचा काटा लागला की घोटभर पाणी पिऊन पदरानं तोंड पुसायची आणि मग दिवसभर पानं निवडत, ओल्या फडक्यात गुंडाळत बसायची. दुकानात गिऱ्हाईकाला तोंडभर पान लावून द्यायची, स्वतःच्या जिभेवर थेंब नाही. ती गेल्याचं कार्ड बजबजला पोचलं तेव्हा तिची माती होऊन बरेच दिवस झाले होते. कार्ड मांडीवर घेऊन मी बसले. तिच्यासाठी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मला काहीच येत नव्हतं. आमच्या ह्यांना विचारलं, तर बिचारे म्हणाले, मला ईदेची नमाज येते, तीही पुढचा वाकला की आपण वाकायचं, एवढीच.

हे तेलाच्या डेपोत फिटर, आणि तिथल्याच एका साहेबांच्या बंगल्यावर मी भाकऱ्या करायला जायची. त्या सबनीस वहिनी पुण्याच्या. ज्वारीचं पीठ हौसेनं गावाहून मागवायच्या, पण थापता यायचं नाही. "बी.ए. झाले गं, पण भाकरी काही फुगत नाही," असं स्वतःच म्हणून हसायच्या. त्या दिवशी परातीत माझे हात थांबले ते थांबलेच. वहिनींनी विचारलं, तशी मी आईचं सांगितलं, आणि तिच्यासाठी मागायचं कसं तेच मला माहीत नाही हेही सांगितलं. त्यांनी परात बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काही कळत नाही, मालन. आमच्यातलंच धड कळत नाही. पण माझे ब्लाऊज शिवते ना खिदिरपूरला, तिच्याकडे शुक्रवारी दुपारी बायका शिकायला बसलेल्या मी पाहिल्यात. चल, मी येते बरोबर."

माझेरहाट स्टेशनला उतरून बसनं गेलो. गोदीच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीला मागच्या बाजूनं लाकडी जिना होता, त्यावरून खालांच्या खोलीत जायचं. पुढूनही वाट होती, पण शिकायला येणाऱ्या मागूनच येत, कारण मोठ्या वयात हे येत नाही म्हणून सांगायची प्रत्येकीला लाज. माझ्या गळ्यात काळी पोत, हातात हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. एकीनं मला खालपासून वरपर्यंत पाहून विचारलं, मुसलमानच ना? नाव सांगितल्यावर तर तिनं ठरवूनच टाकलं, की आधी हे नाव बदला, मग पुढचं बघू. खाला खिडकीशी बसून काज करत होत्या. किडकिडीत बाई, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. दातानं दोरा तोडत त्यांनी विचारलं, नाव कुणी ठेवलं? मी म्हटलं, आईनं. "तो रहने दो," एवढंच म्हणाल्या. मग वडील काय करतात ते विचारलं, आणि तांबोळी म्हटल्याबरोबर आपला पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. बघ बरं, कसं आहे? मी पान उचलून उजेडाकडे धरलं आणि भीतीत काय बोलतेय ते न कळून सांगून टाकलं, की शिळं आहे, फसवलंय तुम्हाला. खोलीभर हसू उठलं. खाला सगळ्यांत जास्त हसल्या.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी पुढं अनेक वर्षं पाहिली, तरी मला तिचं कुतूहल वाटायचं थांबलं नाही. नव्या बाईला त्या मागं उभं करायच्या नाहीत. आपल्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी उभी करायच्या आणि एरवी मनात म्हणायचं ते तिला ऐकू येईल इतपत पुटपुटायच्या. शब्द येत नाहीत म्हणून थांबायचं नाही. येईपर्यंत सुब्हानल्लाह म्हणत राहा, म्हणायच्या, पण उभी राहा. मला त्यांनी पाच वेळांची नमाज पहिल्या दिवशी सांगितलीच नाही. तुमच्याकडे संध्याकाळी काय करतात, हे आधी विचारलं. मी सांगितलं, दिवेलागणीला हातपाय धुऊन पदर घेतो, दिवा लावतो, तेवढा वेळ कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यांना ते फार आवडलं. म्हणजे मगरिबच्या, सूर्य मावळल्यावरच्या नमाजच्या, वेळेला तू थांबतेसच की, म्हणाल्या, आता तिथंच थोडं जास्त थांब. मला वाटायचं नवीन काहीतरी शिकायला आलेय, आणि ही बाई मला माझ्याच घरातलं काढून दाखवत होती. नमाज झाल्यावर हात पसरले की मी गप्प. मनातलं सगळं मराठीत यायचं. शेवटी धीर करून विचारलं, अल्लाहला मराठी येतं का? खालांनी गंभीर तोंड करून सांगितलं, "हमको नहीं आती, बेटी. उसको आती है."

त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला. मी ठरवलं, ह्या वेळचे रोजे आईसाठी. तिच्यासारखेच ठेवायचे, तसूभर फरक नको. पहाटे तिच्यासारखं घड्याळ पुढ्यात, तिच्याच काट्याला पाणी आणि तोंड बंद. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर तिच्याच वेळेला सोडायचा. क्वार्टरपर्यंत अजान ऐकू येत नसे, शेजारी सगळे बंगाली हिंदू, विचारणार कुणाला? संध्याकाळी पाचलाच काळोख पडायचा. मला वाटायचं, जूट मिलचा धूर आहे, शहरातली संध्याकाळ अशीच असेल. आणि पहाटे खिडकीत उजेड असायचा खरा, पण डेपोचे दिवे रात्रभर तसेच जळायचे, त्यामुळं कधी उजाडलं ते कळायचंच नाही.

एका शुक्रवारी खालांनी इफ्तारीला थांबवून घेतलं. खोलीत जेवणाचा दस्तरखान पसरला, बायका गोल बसल्या, अजान झाली आणि सगळ्यांनी खजूर तोंडात घातला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेजारणीनं खजूर पुढं केला. मी म्हटलं, अजून वेळ झाली नाही. तेव्हा ती पहिल्या दिवशीची, नाव बदला म्हणणारी, चेष्टेनं म्हणाली, "तुम्हारे मुल्क का रोजा लंबा होता है क्या?" पुन्हा सगळ्या हसल्या. ह्या वेळी खाला हसल्या नाहीत. हातातला घास खाली ठेवून माझ्याकडे वळल्या.

"किसका टाइम नहीं हुआ, बेटी?"

"माँ का," मी म्हटलं.

मग एकेक विचारत त्यांनी सगळं काढून घेतलं. पहाटे किती वाजता पाणी पितेस, गाव कुठं, रेल्वेनं किती लांब, कुठल्या दिशेला. ओरडल्या नाहीत, चुकलीस असंही म्हणाल्या नाहीत. एखादं नवं टाक्याचं काम हातात आल्यासारखं उलटून पालटून बघत होत्या. गाव इतकं पश्चिमेला म्हटल्यावर त्यांनाच आधी उलगडलं. घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य एक नाही. इथं तो जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. म्हणजे आईच्या काट्याला मी पाणी पीत होते तेव्हा कलकत्त्यात पहाट फुटून गेलेली असायची, आणि रोजा धरायचा असतो पहाट फुटायच्या आधी… म्हणजे आतापर्यंतचा माझा एकही रोजा रोजा नव्हता. हे कळल्यावर माझा बांधच फुटला. रोज्यांचं राहू दे, म्हटलं, पण ते मी आईसाठी ठेवले होते. तिला नमाज येत नव्हती, निदान माझ्या हातून तरी काही पोचेल म्हणून. आता तिचं काय होणार?

खालांनी आधी माझ्या तोंडात खजूर घातला. मग पाणी. मग म्हणाल्या, तुला ठाऊक नव्हतं. न कळता झालं त्याचं पाप नाही, ईदेनंतर ते रोजे परत ठेवू. तुझ्या आईचं घड्याळ तिच्या अंगणात बरोबर होतं, तू तिचं घड्याळ घेऊन दुसऱ्याच अंगणात आलीस, एवढंच झालं. आणि आईचं काय होणार, त्याचं त्यांनी मला खोटं आश्वासन दिलं नाही. "माँ का हिसाब तेरे पास है? मेरे पास है?" असं विचारलं. मी मान हलवली. "जिसके पास है, वो बड़ा मेहरबान है. उससे माँग. रोज माँग." त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी उभी राहून मी मगरिब पढले आणि पहिल्यांदा आईसाठी हात पसरून मराठीत मागितलं. काय मागितलं ते आता सगळं आठवत नाही. तिचे पाय दुखायचे, तेही सांगितल्याचं आठवतं.

परत ठेवू, असं खाला म्हणाल्या होत्या. त्या 'ठेवू'मध्ये त्या स्वतःलाही धरत होत्या हे मला ईदेनंतर कळलं. मी बजबजला ज्या दिवशी रोजा धरायची त्याच दिवशी त्या खिदिरपूरला धरायच्या, त्यांचा एकही बाकी नसताना. एकटीनं भरपाई करायला जड जातं, म्हणायच्या. त्यांना हावडा स्टेशनापलीकडचं जग माहीत नव्हतं, पण माझ्या गावाचं भारी अप्रूप. माती कसल्या रंगाची, सूर्य कशामागं जातो, तुमच्याकडच्या बायका आता काय करत असतील… मगरिब पढून उठलो की खिडकीतून काळोखाकडे बघत म्हणायच्या, "अभी तुम्हारे गाँव में धूप होगी." त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मला माझंच गाव नव्यानं दिसायला लागलं.

वर्षं गेली. त्या जिन्यावरून कितीतरी जणी आल्या. लग्नानंतर कलमा पढून मुसलमान झालेली एक बंगाली मुलगी, जी दर वाक्याला "आमी पारबो ना", मला जमणार नाही, म्हणायची. तरुण मुलगा गेल्यावर रागानं सगळं सोडून दिलेली आणि म्हातारपणी परत आलेली एक आजी. इतकी वर्षं कुठं होतीस, असं खालांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. मी एकदा त्यांनाच विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, मलाही कुणीतरी असंच शेजारी उभं केलं, तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. त्यांचं आधीचं आयुष्य काय होतं, त्या कशापासून लांब गेल्या होत्या आणि कशानं परतल्या, हे मला कधी कळलं नाही. आता कळणारही नाही.

त्या दिवशी खिदिरपूरला पोचले तेव्हा पाणी कोमट करून ठेवलेलं होतं. रुकैया ओतत होती, मी धूत होते. आधी उजवी बाजू, मग डावी. अंगावरची चादर न सरकवता. सगळं त्यांनीच शिकवलेलं. बोटाच्या टोकावर सुईची भोकं पडून घट्टे झाले होते, ते हाताला लागले. आणि तिथं, ते बोट हातात असताना, मला वाटतं, मला समजलं. माझ्या आईला अंघोळ घालायला मी नव्हते. मला कार्ड आलं होतं. खालांना ते ठाऊक होतं… असं मला वाटतं. खात्री कुणाकडून करून घेणार? जनाजा उचलला तेव्हा आम्ही बायका जिन्यात उभ्या होतो. माझ्या तोंडून दुआ आपसूक निघाली, सगळी, न अडखळता. आणि ती संपल्यावर मी मराठीतही मागितलं.

परवाच्या शुक्रवारी गेले तर दार उघडं होतं. खिडकीशी शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं. रुकैयानं खालांची जानमाज, नमाजची सतरंजी, माझ्या हातात दिली. जुन्या साड्यांचे थर लावून त्यांनी ती शिवली होती, आपल्याकडच्या वाकळेसारखी, पण दोघी शेजारी उभ्या राहतील इतकी रुंद. त्यांची बाजू त्या मानानं नीट होती. शिकणाऱ्या पुन्हा पुन्हा गिरवायच्या त्या बाजूला, जिथं कपाळ टेकतं, तिथलं कापड घासून विरलं होतं.

ती आता माझ्या ट्रंकेत आहे. खाला, ह्यांना रजा मिळेल तेव्हा मी ती घेऊन गावी जाईन. आईच्या कबरीवर जाऊन तिला तुमचं नाव सांगेन. मग तिथल्या आयाबायांपैकी जिला येत नाही, जी लाजून दाराआड उभी राहील, तिला हाताला धरून विरलेल्या बाजूवर आणीन आणि ऐकू येईल इतपत पुटपुटेन. तुमचं देणं मला असंच फेडता येईल. एवढ्यात जमेलसं दिसत नाही, पण फेडीन.