धुळ्यात अश्रू, एरंडोलला अक्का

स्वस्ति श्री गिरणातटनिवासी, वांगेभरितविद्यावाचस्पती, राज्यपरिवहन-वातायनपार्श्वासनाधिपती, उपदेशकाल-निद्राधुरंधर, जन्मसिद्ध टीकाकार अशा अस्मादिकांची स्वारी जानेवारीत जळगावहून धुळ्याच्या पश्चात्ताप महासभेस निघाली. निर्णय माझा नव्हता. शेजारी शमुवेलभाऊ, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे ज्येष्ठ पंच, दर वर्षी तेथे जाऊन रडतात. यंदा त्यांना सोबत हवी होती.

इच्छुक यात्रेकरूंसाठी: महामार्ग आता चौपदरी असून बस दोन-अडीच तासांत पोहोचवते. पारोळ्याला शेवभाजी व कळण्याची भाकरी अवश्य सेवावी. तर्री इतकी जहाल, की नरकाची पूर्वतयारी तेथेच होते.

सभा शहराबाहेरच्या मोकळ्या शेतात होती. वक्ते शुभ्र सफारीत. नरकाचा उल्लेख येताच मागचा कीबोर्डवाला खर्जातले सूर दाबी. अंतिम न्यायाच्या दिवशी मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे, हे शास्त्रवचन. परंतु वक्त्यांनी विभागणी आगाऊच उरकली होती. डावीकडे सिनेमा पाहणारे, दागिने घालणारे, धर्माबाहेर लग्न करणारे. उजवीकडे, मला समजले त्याप्रमाणे, पहिल्या रांगेतील सोफे.

देव न्याय करणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच त्याच्या न्यायासनावर ध्वनिक्षेपक घेऊन आधीच ठाण मांडणाऱ्यांचा मला तिटकारा येतो.

आवाहन होताच भाऊ पुढे गेले, गुडघे टेकून हमसाहमशी रडले. परतीच्या बसमध्ये मुद्रा सुस्नात, प्रसन्न.

"भाऊ, रडलात कशाबद्दल?"

"अक्काबद्दल. दर वर्षी तिच्याचबद्दल."

अक्का ही त्यांची थोरली बहीण. तिने एका बौद्ध गृहस्थाशी लग्न केले, तेव्हा पंच या नात्याने भाऊंनीच मंडळीपुढे उभे राहून तिचे नाव वाचले आणि तिला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, वगळले. पुढे काही महिने भाकरीचे ताट तिच्यासमोरून भाऊंच्याच हातांनी पुढे सरकत असे. मग ती यायचीच थांबली. आता साठी उलटली आहे, एरंडोलला असते.

"मग अक्काला सांगितलंत?"

"देवाला सांगितलं ना."

"उत्तम. बस एरंडोलला थांबते. देवाची हरकत नसावी."

भाऊंनी खिडकीबाहेरच्या कपाशीचे सखोल अध्ययन आरंभिले. एरंडोलला मी उतरलो. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा कोठे ते पिशवी सावरीत खाली आले.

अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"अक्का, धुळ्याहून येतोय," भाऊ म्हणाले. "पश्चात्ताप केला."

"कोना पुढे?"

"देवापुढे."

"माले मंडळीमाईन कोनी काढं व्हतं? देवनी का तू?"

अक्कांनी काडी मोडली.

"जठे मनं नाव वाचं, तठेच उभा ऱ्हाय आनि सांग."

"लोक काय म्हणतील, अक्का?"

"तव्हय लोकेस्ले भ्याना नही, आते काबरं?"

आतून त्यांचे यजमान चहा घेऊन आले. मला म्हणाले, "तुम्ही साक्षीदार का वकील?"

"प्रेक्षक," मी म्हणालो.

"मग साखर कमी चालेल."

पुढच्या बसने आम्ही जळगावला परतलो. हजारो अनोळखी लोकांत रडणे त्यांना सोपे होते. आमच्या साठ-सत्तर ओळखीच्या माणसांत पाच शब्द बोलायचे म्हणजे प्राणांतिक. पंचपद जाईल, ही धास्ती त्यांनी माझ्या घराच्या फाटकाशी उभे राहून दोनदा बोलून दाखवली. वक्त्यांनी वर्णिलेला अग्नी त्यांना कधी इतका भाजला नव्हता.

रविवारी उपदेशापूर्वी भाऊ जुन्याच जागी उभे राहिले. कीबोर्ड नव्हता. "अक्काचं नाव मी वाचलं होतं. तो अन्याय होता. माझाच," एवढेच म्हणाले आणि बसले. मागून कोणीतरी खाकरले. पंचपदाचे काय करावे, यावर तीन बैठका झाल्या. निर्णय अजून नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला अक्का पहिल्या बसने आल्या. भाऊ ताट घेऊन त्यांच्यासमोर थांबले ते हलेनात. अक्कांनी तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "सर पुढे. बठ्ठास्ले पोचाडनं शे." मागे सगळ्यांच्या वाट्याची भाकरी खोळंबली होती.

धुळ्याहून मी काय आणले? एवढीच समजूत, की त्या न्यायासनासमोर वादी हजर असेल, आणि तो आपल्या ओळखीचा असेल. त्याला आधीच गाठलेले बरे.

आता अक्का नियमित येतात आणि चर्चमधल्या एकमेव चालत्या पंख्याखालची जागा, जी तोवर माझी होती, तेथे बसतात. दुसरा पंखा दुरुस्त करावा म्हणून मी पंचांना दोनदा विनवले आहे. तो अद्याप फिरत नाही.