बँडवाल्यांनी ऐकलेले अल्बम

बँडच्या दुकानात वाद्यं मोजकीच असतात, किस्से मात्र वाढतच जातात. वाद्यं पुसून खुंटीला टांगता तरी येतात, किस्से कुठे ठेवायचे? म्हणून यंदाचे थोडे सांगून टाकते.

बुऱ्हाणपुरात आमच्या ह्यांचा लग्नाचा बँड आहे. हे ट्रम्पेट वाजवतात, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे दुपारी दुकानात माणसं नुसती बसून असतात. पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या रूपालीने एक छोटा स्पीकर पाठवला आणि माझ्या फोनवर अल्बमची यादी टाकली. "आई, याला सोल जॅझ म्हणतात, फंक म्हणतात. तुमचीच वाद्यं आहेत, बाबांना ऐकव!"

इंग्रजी नावं कोणाच्या लक्षात राहीनात. मग कव्हरवरच्या चित्रांवरून आम्हीच नावं पाडली.

यंदा एक घोरही होता. शंकरकाका माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमचे सॅक्सोफोनवाले. उन्हाळ्यात त्यांचे वरचे पुढचे दात काढावे लागले. सॅक्सोफोन तोंडात धरायचा तो त्याच दातांनी. कवळी बसवली, पण ती ढिली. जोरात फुंकलं की सरकायची. धूलकोटहून मुलगा रोज फोन करायचा, "बाबा, पुरे झालं आता. इथे येऊन किराणा दुकानावर बसा." काकांनी ठरवून टाकलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात वाजवायची. जमलं तर ठीक, नाही तर धूलकोट.

* * *

पहिला अल्बम लावला 'पिवळी मोटार'. त्यात सॅक्सोफोनवाल्याने एकदा सुरू केलं ते संपेचना. हे घड्याळाकडे बघायला लागले. ढोलवाला बबन म्हणाला, "काका, ये तो रुकतच नाही ना!"

शंकरकाका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "काय करेल बिचारा? नवरदेव तयार व्हायचा असेल अजून."

* * *

आमच्या लोकांची परीक्षा एकच, चालत वाजवता येतं का? 'हिरवा कोट' हा फंकचा अल्बम बबनला फार आवडला. तो म्हणाला, "मास्टर, एकदम वरातीचा माल आहे!"

लगेच स्पीकर हातात घेऊन चौघं गल्लीत चालून बघायला निघाले. ताल असा की पाय टाकावा तर ठोका पडून गेलेला, थांबावं तर पुढचा आलेला. दोन घरं गेली नाहीत तोच चौघंही लंगडायला लागले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी उठून उभ्याच राहिल्या. "अगं बाई! सगळ्यांच्या पायाला एकदमच काय झालं?"

बबन परत आला तो घाम पुसत. "वहिनी, ये लोग बैठके बजाते होंगे!"

* * *

मला स्वतःला 'लाल पायऱ्या' आवडला. त्यात ऑर्गन आहे. भाकरी थापताना लावला तर भाकरी गोल होतात, हे मी खरं सांगते.

रूपालीने विचारलं, "ऐकण्यासारखे कोणते वाटले?" मी लिहून पाठवलं. लाल पायऱ्या, जेवणाच्या पंगतीला. पिवळी मोटार, नवरदेवाला उशीर असेल तर. हिरवा कोट, मांडवात बसून. रस्त्यावर अजिबात नाही.

तिने ते ऑफिसात दाखवलं. तिथल्या एका मुलाने विचारलं म्हणे, "तुझ्या आईचं म्युझिकमधलं शिक्षण किती?"

रूपालीने सांगितलं, "दहावी. पण लग्न बँडवाल्याशी!"

* * *

मग एका दुपारी 'चष्मेवाला' लावला. कव्हरवर जाड चष्म्याचा माणूस, हातात सॅक्सोफोन. हा अगदी कमी वाजवायचा. दोन-तीन सूर, मग गप्प. ढोल चालू, गिटार चालू, हा गप्प. परत तीन सूर.

काका म्हणाले, "याचे पण दात गेलेत वाटतं."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "सूनबाई, परत लाव." मी तो अल्बम त्या दुपारी तीनदा लावला. दुसऱ्या दिवशी काकांनी उन्हाळ्यापासून बंद असलेली सॅक्सोफोनची पेटी उघडली.

* * *

पहिली वरात दापोरा गावची होती. घरच्यासारखी माणसं, म्हणून मीही गेले. काकांनी तीन सूर वाजवले आणि थांबले. जिभेने कवळी जागेवर बसवली. परत तीन सूर, परत थांबले. बबनने ढोल थांबवला नाही.

पहिल्यांदा काका थांबले तेव्हा नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. बँड बंद पडला असं वाटून नवरदेवाने घोड्यावरून वाकून बघितलं. दुसऱ्यांदा लोक वाट बघत थांबले. तिसऱ्यांदा त्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून "हेऽऽ!" केलं. मग काय, काका थांबायचे आणि दापोरा ओरडायचा!

नवरदेवाच्या वडिलांनी ह्यांना विचारलं, "मास्टर, काकांना हे नवीन काय शिकवलं?"

हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "फॉरेनचं आहे."

* * *

त्यानंतर काकांचा मुलगा स्वतः धूलकोटहून आला आणि काकांना चांगल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. नवी घट्ट कवळी बसली. परत येऊन काकांनी दुकानात एक अख्खं गाणं कुठेही न थांबता वाजवलं. अगदी पूर्वीसारखं. ह्यांनी आधीच स्वच्छ असलेलं ट्रम्पेट पुन्हा पुन्हा पुसलं. मुलाने आपणहून सांगितलं, "बाबा, राहा इथेच."

तेवढ्यात माझा फोन वाजला. इच्छापूरहून एक बाई बोलत होत्या. "आमच्या मुलीचं लग्न आहे. तुमचाच बँड पाहिजे. पण ते दापोऱ्याला थांबून-थांबून वाजवणारे काका आले तरच हं! सरळ वाजवणारे तर आमच्याकडे पण आहेत."

फोन स्पीकरवर होता.

काकांनी नवी कवळी काढली, रुमालात गुंडाळून मुलाच्या हातात दिली. खिशातून जुनी काढून तोंडात बसवली, जिभेने जरा हलवून बघितली आणि म्हणाले, "सूनबाई, तारीख विचार."