आजोबांची उजवी दाढ

एक्स-रेवाल्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा लेकीने त्यांना कॅमेरा घेऊन दिला. आई बागेतली फुलंबिलं टिपेल, अशी तिची अटकळ. बाईंनी मात्र प्राणिसंग्रहालयाचा वर्षाचा पास काढला आणि दर मंगळवारी गोरिलांच्या काचेसमोर ठाण मांडलं.

पहिल्याच दिवशी कळपाच्या म्होरक्याने काचेवर असा दणका घातला की बाई बाकावरून उठल्याच.

"त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका," राखणदार म्हणाला. "ह्या आजोबांना ते भांडण वाटतं. जरा तिरक्या बसा, लक्ष नाही असं दाखवा."

"जमेल. घरी ह्यांच्याशी तसंच वागते मी."

महिनाभर नुसत्या केसाळ पाठीच मिळाल्या. "अगं, कुणाचं तोंड आहे की नाही?" नवऱ्याने विचारलं. पण हळूहळू कळपाला बाईंची सवय झाली. माद्या पिल्लांना घेऊन जवळ येऊ लागल्या. मग आजोबाही काचेला टेकून निवांत गाजरं खाऊ लागले.

एका संध्याकाळी फोटो लावताना बाई थबकल्या. आजोबा हल्ली फक्त डावीकडून चावत होते. दोन महिन्यांपूर्वीच्या फोटोंत तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसतानाही, त्यांनी प्राणिसंग्रहालय गाठलं आणि राखणदारापुढे फोटो ठेवले.

"खातो की चांगला," राखणदार म्हणाला.

"खातो, पण गाजर आधी हाताने मोडतो. आणि हा उजवा गाल बघा. माणसांचे जबडे बघण्यात जन्म गेलाय माझा."

राखणदाराने फोटो प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. आठवड्याभरात आजोबांना भूल देऊन तपासलं, तर उजव्या दाढेच्या मुळाशी पू झालेला. दाढ काढली. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम बोलावून एक्स-रे दाखवला, तेव्हा बाईंनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळला. "फिल्म छान आलीये," एवढंच त्या म्हणाल्या. पण बसने परतताना दोन थांबे पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं उतरायचं राहिलं.

पंधरा दिवसांत आजोबा दोन्हीकडून चावू लागले. डॉक्टरीणबाईंनी कळपातल्या प्रत्येकाचे दरमहा फोटो काढायचं काम बाईंवरच सोपवलं. आता त्या आठवड्यातून दोनदा जातात. त्या दिवशी स्वयंपाक नवरा करतो. भाजी थोडी करपते, पण बाई मिटक्या मारत खातात आणि आज कोण कुणाच्या खोड्या काढत होतं ते त्याला सांगत बसतात.