नागपूरला निघालेली शर्यतीची होडी

आमच्या घरात त्या दिवसांत वारा नैऋत्येकडून वाहत होता, आणि तो माझ्या हुकमावरून वाहत होता.

टेबलफॅन टीव्हीच्या कोपऱ्यात, त्याच्यासमोर प्लास्टिकचा टब, टबात पाणी आणि पाण्यात मी पुठ्ठ्याची बनवलेली शर्यतीची यॉट. फॅनला हात लावायला सगळ्यांना बंदी. माझी बायको सुषमा घामाघूम होऊन भाजी चिरायची आणि तो वारा माझ्या पुठ्ठ्याला लागायचा. चित्रात वारा एकच असतो हो! शीड एका बाजूला फुगलंय आणि झेंडा भलतीकडे फडकतोय, असं चित्र काढणाऱ्याची समुद्रावर अब्रू जाते. (हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावतो. पाहुणे चहा भराभर पितात.)

मी जुन्या शर्यतीच्या शिडाच्या होड्या रंगवतो. आधी बेलापूरच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, नाल्यांचे आणि पायऱ्यांचे नकाशे काढायचो. त्याआधी करावे गावातल्या एका मासेमाराचा मुलगा होतो, तो अजूनही आहे. लहानपणी वडील एकदा मला होडीतून बंदराच्या तोंडापर्यंत घेऊन गेले होते. तिथे पांढऱ्या शिडांच्या यॉटींची शर्यत चालली होती. वडील जाळं हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी धावत जातात, आन् रिकामी परत येतात. मग जातात कशाला?" तेव्हापासून मी त्याच होड्या काढतोय.

त्या वेळी अंगावर घेतलेलं चित्र मोघे काकांचं होतं. काका शेजारच्या इमारतीत एकटे राहायचे. तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ 'रोहिणी' नावाच्या लाकडी यॉटवरून शर्यती खेळायचे. भाऊ गेले, यॉट गेली, आता काकांचे गुडघेही गेले होते, आणि रविवारी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता.

"नागपुरात संत्री आहेत, सून प्रेमळ आहे, सगळं आहे," काका मला म्हणाले होते. "समुद्र तेवढा नाही. विलास, मला 'रोहिणी' पळताना दे बाबा. भिंतीवर टांगतो आणि बसतो तिच्यासमोर."

नाही कसं म्हणणार?

अडचण एवढीच, की 'रोहिणी'चा एकच फोटो होता. काळा-पांढरा, आणि त्यात ती शीड गुंडाळून धक्क्याला उभी! म्हणजे पळणारी होडी मला उभ्या होडीवरून काढायची होती. म्हणून तो टब. कापडाला खळ लावून शिडं केली, फॅनसमोर धरून बघितली, कुठे पोट धरतं, कुठे चुणी पडते. वारा काही रंगवता येत नाही; तो ज्याला ज्याला वाकवतो ते सगळं रंगवावं लागतं. डोलकाठी वाकली, दोर ताणले, होडी कलली. राहिली माणसं.

होडी एका अंगावर कलली की खलाशी उंच काठावर बसून पाठी बाहेर झोकून देतात, म्हणजे तोल सांभाळला जातो. ती बसण्याची ढब मला प्रत्यक्ष बघायची होती. म्हणून एका दुपारी, उजेड चांगला होता तेव्हा, मी आमचा दिवाण सोसायटीच्या गच्चीवर नेला, एका बाजूला विटा लावून तिरका केला आणि उंच काठावर सुषमाला आणि तिच्या भावाला, मंगेशला, बसवलं. मंगेश बँकेत आहे. अंगाने भरलेला आहे. (सुषमाच्या भाषेत 'खात्यापित्या घरचा'.) दोघांच्या हातात कपडे वाळत घालायचा दोर दिला आणि त्याचं दुसरं टोक जवळच दिसलेल्या एका मजबूत पाइपला बांधलं.

"भावोजी, हा पाइप कसला आहे?"

"खलाशी प्रश्न विचारत नाहीत, मंगेश. मागं झोक!"

मंगेश मागे झुकला. सुषमा म्हणाली, "अहो, गॅसवर आमटी आहे." मी म्हणालो, "अजून मागं! वारा वाढलाय!" मंगेशने डोळे मिटले आणि सगळा भार दोरावर टाकला.

पाइप टाकीचा होता.

तो जो निखळला, तो थेट पाण्याचा लोंढा! मंगेश दिवाणासकट उताणा, सुषमाच्या तोंडावर फवारा, विटा घरंगळल्या, आणि ऊन त्या तुषारांतून असं काही आलं, की मी सगळं विसरून ओरडलो, "हलू नका! असंच पाणी पाहिजे!"

आणि मी उभ्या उभ्या स्केच करत बसलो. बायको भिजतेय, मेव्हणा ओरडतोय, आणि मी लाटेच्या फेसाची कड बघतोय. सेक्रेटरी सावंत वर धावत आले.

"अहो विलासराव, कलाकार आहात, आम्हाला अभिमान आहे! पण सोसायटीचं पाणी?"

"दोन मिनिटं थांबा, सावंत," मी म्हणालो. "जरा उजव्या बाजूला उभे राहता का? सुकाणूवर कुणी नाही."

सावंतांनी मला सोसायटीच्या ग्रुपवर काय काय म्हटलं ते इथे नको. इमारतीला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नव्हतं. सुषमा माझ्याशी बोलत नव्हती. पण लाट सुंदर आली, हे मला सांगायलाच हवं.

चित्र गुरुवारी पुरं झालं. होडीचं अंग मी फिकट हिरवं रंगवलं होतं, कारण काकांनीच तसं सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन.

"अरे विलास, ती हिरवी नव्हती रे. पांढरी. हिरवी शेजारची होती, आमच्याशी हरायची ती."

"काका, नक्की?"

"नक्की विचारायला दादा राहिला नाही ना आता. पण पांढरीच. दादा दर शर्यतीआधी तिचं अंग धोतराच्या फडक्याने पुसायचा. हिरवीला कोण एवढं पुसेल?"

शुक्रवारी बसून सगळं अंग पांढरं केलं. आता तेलरंगाचं कसं असतं, वरून बोट लावलं तर वाळल्यासारखा वाटतो आणि आत लोणी. पांढरा तर फारच आळशी. रविवारी सकाळी काका येणार, चित्र बघणार, आणि मी ते आडवं ठेवायच्या खोक्यात घालून ओलंच गाडीत देणार, असं ठरलं. घरात सगळ्यांना बजावलं, "चित्राला हात लावू नका." सुषमाला सांगितलं. मंगेशला फोनवर सांगितलं, तो येणार नव्हता तरी! फक्त आईला सांगायचं राहिलं. कारण आई माझ्या चित्रांच्या जवळ कधी जात नाही. तिला रंगांच्या वासाने मळमळतं.

रविवारी मी अंघोळ करून बाहेर आलो आणि नारळ फुटल्याचा आवाज ऐकला.

हॉलमध्ये आई पदर खोचून उभी. समोर ईझलवर चित्र. ईझलच्या पायाशी फुटलेला नारळ. सुषमाच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. आणि माझ्या 'रोहिणी'च्या नाकावर, पांढऱ्याशुभ्र ओल्या अंगावर, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ठसठशीत बोटं! वर झेंडूची एक पाकळी लाटेला चिकटलेली.

"आई!!!"

"वरडतोस कशाला?"

"काय केलंस हे?"

"पूजा केली. आनकी काय? नवी होडी बिनपूजेची पान्यात सोडतात काय? तुज्या बापानं कदी सोडली?"

"अगं ती पाण्यात नाही जात, नागपूरला जातेय!"

"मंग तर पयला करायला पायजे," आई शांतपणे म्हणाली. "एवडी लांब!"

मी सुषमाकडे वळलो. "तुला माहीत होतं ना रंग ओला आहे?"

"मी फक्त ताट धरलं होतं," सुषमा म्हणाली. मला वाटतं ती अजून गच्चीवरच्या पाण्याचा हिशेब चुकता करत होती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सुरीच्या टोकाने अलगद रंग उचलला असता. मी काय केलं? फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि पुसलं. कुंकू विरघळलं. पांढऱ्यात मिसळलं. होडीचं नाक गुलाबी झालं. घाबरून आणखी पुसलं, गाल गुलाबी झाले. (होडीला गाल नसतात. तिला आले.) पुसता पुसता आईची दोन बोटं मात्र जशीच्या तशी, कारण ती तिने इतकी मनापासून दाबली होती, की रंग खालच्या हिरव्यापर्यंत खोल गेला होता.

"अहो, लाजल्यासारखी दिसतेय," सुषमा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मला हसू येत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचा उरलेला सगळा समुद्र त्या कॅनव्हासवर होता आणि तो मी फडक्याने पुसत होतो. आणि बेल वाजली.

काका काठी टेकत आत आले. मुलगा खाली गाडीत सामान लावत होता. त्यांना मी चित्रासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या आणि चित्राच्या मधे उभा राहिलो.

"सरक," काका म्हणाले.

"काका, उजेड जरा..."

"विलास, सरक."

सरकलो. काका बघत राहिले. मी भडाभडा बोलायला लागलो, "तो जो गुलाबी भाग आहे ना काका, ते संध्याकाळचं ऊन आहे, पाण्यावरून परावर्तित होऊन..."

"शर्यत सकाळची असायची."

"मग पहाटेचं."

"मी लावलं कुंकू," आई मागून म्हणाली. "ह्यानं पुसून घान केली."

मी डोळे मिटून घेतले. मग काका मला नाही, आईलाच म्हणाले, "तुमच्याकडे नव्या होडीला लावतात?"

"नवी आसू दे, जुनी आसू दे. जाताना लावतात. परत यावी म्हनून."

काकांनी काठी बाजूला ठेवली. "आमच्या हिला कुणी लावलं नाही हो," ते म्हणाले. "दादा गेला तेव्हा मी परदेशात नोकरीला. मागे विकली कुणीतरी. फोडून लाकूड नेलं म्हणे. ती गेली तेव्हा तिथे आमचं असं कुणीच नव्हतं."

आईने सुषमाच्या हातातलं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "मंग आता लावा."

"काका, रंग ओला आहे!" मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो. माणूस कुठल्या क्षणी काय बोलतो!

काकांनी कुंकवात बोट बुडवलं आणि आईच्या दोन बोटांच्या शेजारी तिसरं टेकवलं. थोडं तिरकं. बराच वेळ बोट काढलंच नाही. मग रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, आणि पुसताना ते बोट टेकल्यामुळे त्यांच्या भुवईला कुंकू लागलं. आई पदर तोंडाला लावून हसली. काकाही हसले. मग मीही. आम्ही ती ओली, गुलाबी, तीन बोटांची 'रोहिणी' खोक्यात घातली आणि ती नागपूरला गेली. आई गाडी वळेपर्यंत गॅलरीत हात जोडून उभी होती.

काकांचे फोन येतात. चित्र वाळलं. समोर खुर्ची ठेवली आहे. सून रोज तिला फूल वाहते, शेजारीपाजारी बघायला येतात. मी एकदा धीर करून विचारलं, "शिडाबद्दल काही म्हणतात का लोक? लाटेबद्दल?"

"नाही रे," काका म्हणाले. "कुंकू कुणी लावलं ते विचारतात."

गेल्या आठवड्यात नागपूरहूनच कुणाचा तरी फोन आला. त्यांच्या वडिलांचीही अशी एक जुनी शर्यतीची होडी होती म्हणे. मी खुशीत येऊन पेन्सिल उचलली, तर ते म्हणाले, "आजी आहेत का घरी? त्यांना द्या जरा."

आई बराच वेळ बोलली. मग फोन ठेवून माझ्याकडे आली.

"काम आलंय," ती म्हणाली. "कुंकू मी लावीन. खालची होडी तेवडी तू काड."