अण्णा पाटी वाचत थांबायचा

अण्णा गेला त्या सकाळी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, वर्षभर तरी यांना दम लागत असणार, तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दर रविवारी त्याच्याबरोबर फिरणारा माणूस मीच. त्यात बेंगळुरूत महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत रंगीत तक्ते दाखवून साहेबलोकांना ‘रिस्क’ समजावणं हा माझा पोटाचा धंदा. महिना झाला, त्या प्रश्नाचं उत्तर देतोय, मनातल्या मनात...

अण्णा, माझा थोरला भाऊ, एका सरकारी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. यंत्रांवर लावायच्या इंग्रजी पाट्यांचा मजकूर तोच ठरवायचा, आणि निवृत्तीनंतर तर अख्ख्या बेंगळुरूच्या पाट्या त्याच्या हाताखाली आल्या. आपलं एका ‘धोक्या’त भागतं, इंग्रजीत त्याची पाचसहा भावंडं, आणि अण्णाच्या मते प्रत्येकाची खोली वेगळी. फरशीवर सांडलेलं तेल म्हणजे हॅझर्ड, ते नुसतं पडून असतं. त्यावरून कोण जाईल, पडला तर किती मोडेल, हा अंदाज म्हणजे रिस्क. पाय तेलावर पडला की डेंजर. थ्रेटला बहुतेक वेळा मनात वाईट असलेला कुणीतरी लागतो. तेल कुणाच्या वाइटावर नसतं. जेपर्डीत नोकरी येते, अब्रू येते, पाय येत नाही. आणि पेरिल विम्याच्या कागदात नाहीतर समुद्रावरच्या गोष्टीत. कारखान्यात लिहिलं तर कामगार हसतील. वहिनी चपात्या लाटता लाटता विचारायची, “आणि मी कोण म्हणे यातली?” तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, “रिस्क. विचार करून घेतलेली.” कारखान्यात त्याचा एकच नियम होता. हॅझर्ड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं सांगायचा, आणि सांगणाऱ्यावर कुणी रागवायचं नाही.

गेल्या वर्षी चिकपेटला मेट्रोचा जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला. पहिल्यांदा ओल्या फरशीची पाटी होती, तिच्यावर ‘डेंजर’. कठड्याला धरून त्यानं व्याख्यान दिलं, की इथं ‘कॉशन’ पुरे, पाण्यालाच डेंजर म्हटलं तर विजेच्या डब्यावर काय लिहिणार? मी बायकोच्या साड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हटलं, अण्णा, चल ना. “स्वल्प थांब रे,” तो म्हणाला, “ही चुकीची आहे.” मग दर रविवारी पाट्या वाढत गेल्या. पूर्वी तो चालता चालता बोलायचा, आता थांबून; एवढा फरक मला दिसला नाही. एकदा तर नुसती बाहेर जायच्या वाटेची पाटी त्यानं पाच मिनिटं वाचली. मी घरी येऊन त्याची नक्कल केली. नकला हा आमच्या घरात माझा हक्काचा प्रांत. सगळे हसले, अण्णाही हसला. वहिनी तेवढी पाणी आणायला आत गेली.

तेराव्यानंतर मी तिला डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. ती कपाटातले त्याचे शर्ट काढत होती, थांबली नाही.

“मला माहीत होतं, भाऊजी. गेल्या वर्षीच दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. हे नको म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.”

“मला का नाही?”

“तुम्ही रविवारचं फिरणं बंद केलं असतं.”

केलं असतं. खुर्चीत बसवून, सांभाळून, जपून ठेवलं असतं त्याला मी... कदाचित आज तो असता. किंवा खुर्चीत बसून माझ्यावर रुसला असता. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलायला लावणाऱ्या माणसानं स्वतःचा नियम मोडला, आणि तोही माझ्याबरोबर चार जिने चढायला मिळावेत म्हणून.

गेल्या आठवड्यात मारतहळ्ळीला आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मी थांबलो. छातीत धडधड. बायको पुढे होती, तिनं वळून विचारलं, काय झालं? जिभेवर एक विनोद तयार होता. माझ्याकडे तो तयारच असतो. तो गिळला.

“दम लागलाय,” मी पायरीवर बसत म्हटलं. “हल्ली लागतो.”

ती हसली नाही. भाजीची पिशवी खाली ठेवून दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याशेजारी बसली.